सप्ताळूची राखण

वैशाख तापला की आमच्या सोसायटीतल्या बायकांना लोणच्याची घाई होते आणि मला उगाच कोंडल्यासारखं व्हायला लागतं. दारं-खिडक्या सताड उघड्या, डोक्यावर पंखा, नातवानं हौसेनं बसवलेला एसी भिंतीवर घुमतोय. तरी छातीत काहीतरी अडकून बसतं. सून म्हणते, वयामुळे. डॉक्टर म्हणतात, उन्हामुळे. मी दोघांपुढेही मान डोलावते. खरं कारण सांगायचं तर आधी एक झाड दाखवावं लागेल, आणि ते झाड होतं तिथे आता चारचाकी गाड्या उभ्या असतात.

यंदा नातसुनेनं फोनवरून फळं मागवली. खोक्यात एकेक फळ पांढऱ्या जाळीची टोपी घालून बसलेलं, प्रत्येकाच्या गालावर चिकटवलेला कागद. "आजी, हे पीच. खाऊन बघा, आवडतील," ती म्हणाली. मी एक उचललं. लालबुंद गाल, अंगावर बारीक लव, आणि हाताला दगड. म्हटलं, याला आम्ही सप्ताळू म्हणायचो, आमच्या परड्यात झाड होतं. ती गोड हसली. चिंचवडात पीचचं झाड म्हणजे आजीचं डोकं आता चाललं, असं तिच्या मनात आलं असणार. पण पोरगी गुणाची आहे, बोलली नाही. मी देठाशी नाक लावलं. वास म्हणून नाही. कच्चंच तोडलंय हे, मी म्हणाले. त्यावर ती सहज बोलून गेली, "पिकतील की. ठेवू चार दिवस."

पिकतील की. एवढेच शब्द मी आयुष्यात आधी एकदा ऐकले होते, माझ्या सगळ्यात लाडक्या माणसाच्या तोंडून, आणि त्या शब्दांवर माझं एक वर्ष गेलं. वर्ष तरी काय, वर्षं पुष्कळ आली-गेली. त्या वर्षाबरोबर जे गेलं ते परत मिळालं नाही.

मी लग्न होऊन चिंचवडात आले तेव्हा गाव नदीकाठी निवांत पडलेलं होतं. आमचं घर गावाबाहेर, रेल्वेच्या बाजूला. पुढे पडवी, मध्ये दोन खोल्या, मागे परडं, आणि परड्याला शेराच्या झुडपांचं कुंपण. कुंपणापलीकडून गाड्या जायच्या. पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि आसपासच्या प्रत्येक घरात एकच बोलणं होतं, आपला पोरगा तिथे चिकटतो का. आमचे हे त्या हिवाळ्यात चिकटले, पण हंगामी. हंगामी हा शब्द शेतकऱ्याच्या घरात काही नवा नव्हे; तरी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तो ऐकला की घास गिळवत नसे.

सप्ताळूचं झाड लावलं मामंजींनी. सासरे माझे खडकीला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेब आपल्या देशी गेला तेव्हा याचं एक कलम त्यांनी गोणपाटात गुंडाळून, डोक्यावर घेऊन चालत आणलं म्हणे. परड्यात लावलं आणि पोराबाळासारखं वाढवलं. दर मार्गशीर्षात ते झाडाची मुळं उघडी करायचे, पानं झडू द्यायचे, मग शेणखत घालून माती ओढायचे आणि पाणी द्यायचे. फळ उतरवायचे तेही एकटेच, पहाटे. आणि पाटी घेऊन थेट खडकीच्या गोऱ्यांच्या वस्तीत जायचे. घरात फळ कुणी चाखलेलं नव्हतं. आत्याबाईंचं तर ठाम मत होतं की साहेबाच्या फळाला दारूचा वास येतो. माझ्या लग्नानंतरच्या भाद्रपदात मामंजी गेले, आणि फळ कधी उतरवायचं हे बरोबर घेऊन गेले. मुळं उघडी करताना ह्यांनी त्यांना पाहिलं होतं, म्हणून तेवढं ह्यांनी केलं. उतरवताना कुणीच पाहिलं नव्हतं.

माघात त्या नागड्या फांद्यांवर गुलाबी फुलं आली. पान एक नाही आणि झाड सगळं गुलाबी. मी परड्यात भांडी घासायला बसायची आणि हात राखेत तसेच ठेवून बघत राहायची. सतरा वर्षांची होते मी. मामंजी गेल्यामुळे वर्षभर सणवार बंद, म्हणून माझी पहिली दिवाळीही माहेरी झाली नाही. लग्नानंतर लगेच मांडवपरतणीला दोन दिवस माहेरी गेले होते ते शेवटचं. त्या फुलांकडे बघून मला वाटायचं, आईला दाखवायला हवं हे. आईला फुलांचा फार सोस.

माझं माहेर चाकणच्या पुढे, आंब्याच्या झाडांत बुडालेलं गाव. आप्पा, म्हणजे माझे वडील, आंब्याचे जाणकार म्हणून चार गावांत नावाजलेले. कुणाच्या झाडाला पाड लागला की नाही हे सांगायला त्यांना बोलावणं यायचं. पाड म्हणजे झाडावरच पिकून पडलेलं पहिलं फळ. ते पडलं की समजायचं, बाकीची हिरवी दिसली तरी आतून तयार आहेत. उतरवा, पेंढ्यात आढी घाला, आठवड्यात घर घमघमतं. आमच्याकडच्या कुठल्याही पोराला हे कळतं.

चैत्रात माहेरचा एक माणूस बाजाराला आला आणि आप्पांचा निरोप देऊन गेला. आईच्या डोळ्यांत काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलेली नजर आता येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल ते देवाला ठाऊक. बाजूचं काही दिसत नाही, नळकांड्यातून बघावं तेवढं समोरचं दिसतं, तेही रोज बारीक होतंय. तिनं एकच धोशा लावला होता की पोरीला डोळे भरून बघायचंय. आप्पा अक्षय्य तृतीयेला मला न्यायला येणार होते.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं त्यांनाही. त्या काही दुष्ट नव्हत्या, आणि आता त्यांचं वय ओलांडून पुढे आल्यावर तर मला त्यांचा रागही धड येत नाही. पण त्याच सुमाराला सप्ताळूचं एक वेगळंच प्रकरण सुरू झालं होतं. ह्यांच्या खात्यात एक पंजाबी साहेब होते, फाळणीत घरदार सोडून आलेले. ह्यांच्या घरी या फळाचं झाड आहे असं त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाले की आमच्या अंगणातही होतं, तिकडे राहिलं. फळं आली की एक टोपली आण. हे उड्या मारतच घरी आले. त्या रात्री जेवताना आत्याबाईंनी सगळं झाड साहेबांच्या नावे करून टाकलं. साहेब खूश म्हणजे पोरगा कायम, इतका सरळ तो हिशेब होता.

त्यामुळे माझ्या माहेराबद्दल त्या एवढंच बोलल्या, "सप्ताळू उतरलं की जा. तवर झाड सोडून हलायचं न्हाई."

हे शिफ्टला, आत्याबाई शेतात, मग झाड राखायला उरलं कोण? आणि पाऊस लागला की पेरणी, पेरणीत सुनेला कोण सोडतंय. म्हणजे फळ पिकणार आणि पाऊस पडणार, या दोघांच्या मधे जी फट असेल तेवढ्यातून मला आईकडे जायचं होतं. ह्यांना मी विचारून पाहिलं. ते म्हणाले, आईला विचार. लग्नानंतर पुष्कळ वर्षं त्यांचं प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर असे, आणि गंमत म्हणजे त्यांची आई गेल्यावर ते म्हणायला लागले, पोरांना विचार.

मग माझी राखण सुरू झाली. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की मी परड्यात. हातात काठी, जवळ फुटका डबा. पोपट आले की डबा बडवायचा, पोरं आली की काठी आपटायची. झाड लहानच, त्याची सावली ती केवढी. ती फिरेल तशी मी फिरायची. दावणीची गायसुद्धा यापेक्षा लांब जाऊन येते. ऊन असं की शेराच्या कांड्या तापून त्यांचा कडवट वास सुटायचा. कुंपणापलीकडून आगगाडी धडधडत जायची, खिडकीतली माणसं माझ्याकडे बघायची आणि मी त्यांच्याकडे. एखादी बाई हात हलवायची. तिला वाटत असेल, काय मजेत बसलीय झाडाखाली.

दिवसभर बघायचं काय, तर फळं. आज पहिल्यांदाच सांगते, मी त्यांच्याशी बोलायची. आधी लाडीगोडी, मग शिव्या. चैत्राच्या शेवटाला एका बाजूनं त्यांचे गाल लाल झाले तेव्हा मी धावत जाऊन आत्याबाईंना बोलावून आणलं. त्यांनी एक तोडून विळीवर चिरलं. आत हिरवं, कडक, आणि चव म्हणाल तर कैरी बरी, तिला निदान आंबटपणा तरी असतो. त्या म्हणाल्या, अजून न्हाई. आणि शेताला गेल्या. लाली म्हणजे पिकणं नव्हे, ती नुसती उन्हाची थाप असते, हे मी त्या दिवशी शिकले. पण खरी खूण कोणती ते सांगणारं कुणी नव्हतं. रोज संध्याकाळी मी वर बघायची आणि मला आईचे डोळे आठवायचे. इकडे फळ एक दिवस पुढे सरकलं असेल तर तिकडे आईची नजर एक दिवस मागे गेली असेल. हे गणित करत बसायला मला दुसरं कुणी लागत नव्हतं, ते झाडच माझ्याकडून करून घ्यायचं.

कोंडणं म्हणजे कडीकुलूपच लागतं असं नाही. आमच्या परड्याला तर फाटकही नव्हतं. शेराच्या कुंपणात एक माणूस जाईल एवढी वाट होती, तिथून शेळ्या यायच्या-जायच्या. मी उठून चालायला लागले असते तर संध्याकाळपर्यंत चाकणच्या वाटेवर मोशीला पोचले असते. पण गेलेली सून पुन्हा कुठल्या दारानं आत येणार? आणि आप्पांनी तरी मला कसं ठेवून घेतलं असतं? तेव्हा ती वाट होती आणि मी बसून होते.

अक्षय्य तृतीयेला आप्पा आले. चाकणहून मोटारीनं भोसरीपर्यंत आणि तिथून पायी, उन्हातून. धोतर धुळीनं तांबडं झालेलं. आमच्याकडे मुलीच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत बाप तिच्या घरच्या पाण्याला शिवत नाही. मी तांब्या घेऊन पुढे गेले आणि तशीच थांबले. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं. ओठ कोरडे पडलेले दिसत होते. ते पडवीत बसले नाहीत, मागे परड्यात झाडाखाली येऊन बसले. मग मी विचारलं, आई कशी आहे. ते म्हणाले, "तांदूळ निवडाय बसती. खडं तसंच ऱ्हात्यात." त्यांनी मान फिरवली आणि झाडाकडे बघायला लागले.

तेवढ्यात त्यांना बुंध्याशी पडलेली दोन फळं दिसली. पहाटे पडली असावीत. त्यांनी एक उचललं, हुंगलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं. एका अंगाला मऊ झालं होतं. दुसरंही तसंच. मग उठून त्यांनी झाडाभोवती फेरी घातली. आंब्याच्या झाडाखाली घालायचे तशीच, हात मागे बांधून, मान वर करून. आत्याबाई शेतातून आल्या होत्या. आप्पा त्यांना म्हणाले, "पाड लागलाय, विहीणबाई. उतरवून घ्या. आढी घातली की पिकतील की."

आत्याबाई घुटमळल्या. पण चार गावांचा जाणकार समोर उभा राहून सांगतोय म्हटल्यावर त्या काय बोलणार. आणि खरं सांगते, पाड हा शब्द ऐकून मला जो आनंद झाला तसा लग्नातही झाला नव्हता.

आप्पांनी स्वतः फळं उतरवली. ह्यांची सुट्टी होती, हे खाली पाटी धरून उभे. फळं सहजी सुटत नव्हती. आप्पा ओढायचे, फांदी वाकायची, मग काडकन देठासकट किंवा बारक्या डहाळीसकट फळ हातात यायचं. आप्पांनी जरा थांबून फळाचा देठ पाहिला, मला आठवतं. मग पुढे चालू ठेवलं. शेंड्याची तेवढी ठेवली. शेंड्याची फळं पाखरांची, हा आमच्या माहेरचा रिवाज. मग मधल्या खोलीच्या कोपऱ्यात पेंढा अंथरून त्यांनी आढी घातली. फळाला फळ लागू न देता, मधे पेंढा, वर पेंढा, वर गोणपाट. आंब्याची घालतात अगदी तशी. इतकी सुबक आढी त्या घरात आधी कुणी पाहिली नव्हती.

मला वाटलं, आता निघायचं. मी लुगडं गाठोड्यात बांधूनही ठेवलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, पिकल्याबिगर काय खरं, पाटी साहेबाकडे पोचू दे, मग पाठवते. आप्पा मुलीचे बाप. त्यांनी मान हलवली, निरोप धाडा म्हणाले आणि आले तसे निघाले. मी शेरातल्या वाटेपर्यंत गेले. ते रेल्वेच्या फाटकापाशी थांबून तिथल्या नळाला ओंजळ लावून पाणी पीत होते. बराच वेळ पीत होते.

ती फळं पाडाची नव्हती. किडकी होती. आंब्याचं फळ आपल्या मनानं पडतं ते पिकल्यावर. सप्ताळूचं कीड लागली की आधी पडतं, आणि किडीच्या अंगाला ते मऊही होतं. हे आम्हाला नंतर कळलं. पण मी आजवर ज्या प्रश्नापाशी अडले आहे तो वेगळाच आहे. आप्पांना खरंच पाड वाटला होता का? ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची फळं पारखली, त्यानं ती दोन फळं फोडून का नाही पाहिली? फांदी सोडत नव्हती तेव्हा ते थांबले होते. काय दिसलं त्यांना देठात? कधी वाटतं चुकले, आंब्याच्या माणसाला सगळी झाडं आंब्याचीच दिसणार. कधी वाटतं, चुकले नाहीत. बायकोच्या डोळ्यांत उरलेला उजेड आणि झाडाखाली बसलेली पोर यांच्या मधे त्यांनी आपली सगळी पत एका शब्दावर लावून पाहिली. मला दुसरं खरं असावं असं वाटतं, आणि तसं वाटलं की रडू येतं.

आंब्याच्या आढीचा वास आधी दबकत येतो, मग घरभर होतो, मग शेजारी विचारायला लागतात. या आढीला आधी काहीच वास नव्हता. मग काकडीसारखा येऊ लागला, आणि मग आत्याबाईंचं म्हणणं खरं करत आंबूस, दारूसारखा. त्यांनी गोणपाट उचललं तेव्हा मी मागेच उभी होते. फळांच्या साली सुरकुतल्या होत्या, माझ्या आताच्या गालांसारख्या. एक फोडलं तर आत ओला कापूस आणि बाठीशी काळं. गोडवा नावाला नाही. मऊ झाली होती, पण पिकली नव्हती. सप्ताळू झाडावरून तोडला की मऊ होतो, पण गोडी जेवढी झाडावर आली तेवढीच. पेंढा त्याला काही देऊ शकत नाही.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. बराच वेळ पेंढ्यात हात घालून बसल्या आणि म्हणाल्या, "तुजा बाप आंब्याचा मानूस हाय. त्येचा दोस न्हाई." मग उठून परड्यात गेल्या आणि वर बघितलं. शेंड्यावर पाखरांची म्हणून ठेवलेली फळं होती. त्यांनी मला काठी आणि डबा परत आणून दिला. साहेबाला निदान तेवढी तरी जाऊ देत, म्हणाल्या.

म्हणजे पुन्हा राखण. फक्त आता मी पाखरांच्या हक्काची फळं पाखरांपासून राखत होते. आप्पांच्या रिवाजानं मला झाडाला बांधून टाकलं, हे मनात आलं की मला त्यांचाच राग यायचा, आणि राग आला की आपलीच लाज वाटायची. रोहिणी लागल्या. दुपारून ढग जमायचे, वारा सुटायचा, आणि मी फळांकडे बघू की ढगांकडे ते कळायचं नाही. एका वादळात निम्मी फळं गेली. माणसं शेतं नांगरून तयार होती. माझ्यासमोरची फट बुजत चालली होती आणि मी ती बुजताना बघत होते.

आणि मग एका सकाळी मी परड्यात गेले तर वास खाली आला होता. मी बसायची त्या दगडापर्यंत. वर पाहिलं तर देठाभोवतालचा हिरवेपणा जाऊन तिथे लोण्याचा रंग आला होता. लाल गाल तसेच होते, त्यांच्यात काही फरक नव्हता. फरक होता तो मागच्या, सावलीतल्या बाजूला. मी बांबूच्या शिडीवर चढले, फळाखाली नुसता तळवा धरला आणि जरासं वर उचललं. ते हातात आलं. ओढलं नाही, पिळलं नाही. अंगठ्यानं दाबूनही पाहायला नको होतं. दाबलं की तिथे डागच पडतो. ज्या फळाची मी दोन महिने मनधरणी करत होते ते असं, काही झालंच नाही अशा थाटात, माझ्या हातात येऊन बसलं.

पण ती एकदम पिकत नाहीत. आज एक, उद्या दोन. टोपली भरेपर्यंत आधीची ठेवायची तर ती नासतात. हे कारखान्यातून विचारून आले तर साहेब रजेवर उत्तरेला गेलेले. कदाचित तिकडे त्यांना मिळाली असतील. मग ती फळं आम्हीच खाल्ली. आत्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पिकलेला सप्ताळू तोंडात घातला आणि डोळे मिटले. मामंजींची आठवण आली असावी. मग उरलेलं अर्धं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं आणि खा म्हणाल्या. उन्हानं कोमट झालेलं फळ, रस कोपरापर्यंत ओघळला. इतकं गोड मी त्याआधी काही खाल्लं नव्हतं, आणि इतकं गोड खाताना मला इतका राग कधी आला नव्हता. त्याच आठवड्यात पाऊस लागला. सगळे पेरणीला गेले, मीही गेले.

ह्यांना दसऱ्याला कायम केलं. खात्यातल्या सगळ्या हंगामी पोरांना केलं. सप्ताळूचा त्यात काही संबंध नव्हता. साहेबांनी पुन्हा कधी विषयही काढला नाही.

आईचा उरलासुरला उजेड श्रावणात गेला. तो निरोप मला गौरीच्या सुमारास मिळाला.

मी माहेरी गेले ती पुढच्या वर्षी, पहिल्या बाळंतपणाला. आणायला आप्पा आले नाहीत, चुलत्यांना पाठवलं. त्यानंतरही आमच्या दारात यायचं त्यांनी टाळलंच. घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर बसली होती, चेहरा रस्त्याकडे. चाहूल लागल्यावर तिनं दोन्ही हात पुढे केले आणि माझं तोंड चाचपलं. कपाळ, डोळे, गाल, हनुवटी. पोट चाचपलं आणि हसली. आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते, आमच्याकडे न बघता. नंतर ते एकदाच बोलले त्या विषयावर. शेंड्याच्या फळांचं काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाखरांनी खाल्ली. ते म्हणाले, मग चांगलं झालं.

आई त्यानंतर पुष्कळ जगली. आप्पांच्या मागेही जगली. मी चार लेकरांची आई झाले, सासू झाले, हे गेले, गुडघे गेले. आमचं परडं, शेत, सगळं इमारतींखाली गेलं. जमेल तशी मी तिला भेटायला जायची. तिच्याशी बोलताना मला हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली होती. तिनं मला शेवटचं पाहिलं होतं ते मांडवपरतणीहून निघताना, हिरवा चुडा भरलेली, सतरा वर्षांची. तिच्याकडे दुसरी मी नव्हतीच. उन्हात हिंडू नकोस, काळवंडशील, असं ती मला मी साठीकडे झुकल्यावरही सांगायची, आणि शेजारणींना सांगायची की माझी लेक दिसायला फार नाजूक आहे. शेजारणी माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. मी कुणाला हसू दिलं, कुणाला दटावलं.

शेवटच्या उन्हाळ्यात मी तिच्या पायाशी बसले होते. तिनं माझा अंबाडा सोडला आणि बोटांनी केस विंचरायला लागली, सावकाश, मुळापासून टोकापर्यंत. म्हणाली, "कसं काळंभोर क्यास हायती गं माज्या पोरीचं. त्याल लावत जा."

माझा एकही केस तेव्हा काळा राहिला नव्हता. मी म्हटलं, "व्हय, आई."